कालव्याकाठचा हरितपथ: आखणीची कृती

खडकवासल्यातून निघालेला मुठा उजवा कालवा सिंहगड रस्त्याच्या मागच्या अंगाने येतो, पर्वतीचा पायथा धरतो, स्वारगेटजवळून जातो आणि पुढे हडपसरकडे वळतो. पाणी आपल्या वेगाने वाहतं राहावं म्हणून कालवा जवळजवळ एकाच पातळीवरून नेलेला असतो. त्यामुळे त्याच्या काठाने चालणाऱ्याला किंवा सायकल मारणाऱ्याला चढ लागत नाही. टेकड्यांच्या शहरात ही मोठी गोष्ट आहे. शिवाय जागा सरकारी आणि पट्टी सलग. वस्त्या, शाळा, मंडई, बसस्थानक या सगळ्यांच्या जवळून जाणाऱ्या अशा पट्ट्या पुण्यात फार थोड्या उरल्या आहेत.

खडकवासला ते फुरसुंगी असा सुमारे २८ किलोमीटरचा बोगदा काढून कालव्याचं पाणी त्यातून न्यायचं, असा जलसंपदा विभागाचा प्रकल्प आहे. पाणी जमिनीखाली गेलं की वरच्या जागेचं काय करायचं, याची चर्चा आतापासून चालू आहे. मोटारींसाठी आणखी एक रस्ता हे उत्तर लगेच पुढे येतं. त्याआधी चालणाऱ्यांचा आणि सायकलवाल्यांचा आराखडा तयार हवा, नकाशा आणि आकड्यांसकट. तो कसा करायचा ते इथे सांगतो. एखादा नागरिक गट, सोसायट्यांचा संघ किंवा वास्तुरचनेच्या विद्यार्थ्यांची तुकडी हे काम नक्की करू शकेल. ओढ्याकाठी, जलवाहिनीलगत किंवा जुन्या रेल्वेच्या जागेवर हरितपथ करायचा असला, तरी कामाचा क्रम हाच राहतो.

सगळ्याच्या मुळाशी एक गोष्ट धरलेली आहे. हरितपथ रोज कामाला, शाळेला, बाजाराला जाणाऱ्या माणसासाठी आखायचा. त्याला तो सोयीचा झाला की सकाळी फिरायला येणाऱ्यांना तो आपोआप आवडतो. उलट होत नाही.

आधी माणसं मोजा

नकाशावर रेघ मारण्याआधी त्या वाटेने आज कोण जातं ते मोजा. कालव्याच्या भरावावर पायवाटा असतातच. जनता वसाहतीसारख्या वस्त्यांतली माणसं कोणाची परवानगी न घेता त्या वर्षानुवर्षं तुडवत आली आहेत.

पुठ्ठ्याला लावलेला कागद, पेन्सिल आणि घड्याळ एवढं सामान पुरतं. कालव्यावरून किंवा कालव्याकाठाने लोक ज्या ज्या जागी रस्ता ओलांडतात, तिथे दोघादोघांनी उभं राहायचं. सकाळी ६ ते १० आणि संध्याकाळी ४ ते ८, पंधरा-पंधरा मिनिटांचे रकाने. एक कामाचा दिवस आणि एक रविवार. रकाने असे करा: पुरुष, बायका, शाळकरी मुलं, काठी घेतलेली म्हातारी माणसं, सायकली, दुचाक्या, हातगाड्या, व्हीलचेअर आणि बाबागाड्या. सायकलच्या मागे काय बांधलंय तेही लिहा. दुधाचे कॅन, पेपरचे गठ्ठे, जेवणाचा डबा, रंगाऱ्याची शिडी. शिडी बांधलेली सायकल तीन मीटर रुंदीच्या वाटेवर समोरून आली तर काय होईल, हा प्रश्न आराखडा काढताना आठवायला हवा आणि तो कागदावर असला तरच आठवतो.

रिकामे रकानेही वाचा. संध्याकाळी सातनंतर एकही बाई दिसत नसेल, तर त्या वेळी त्या कुठून जातात आणि किती वळसा घालतात ते विचारा. थांबायला तयार असलेल्यांना तीनच प्रश्न पुरेत: कुठून निघालात, कुठे चाललात, वाटेत कुठे अडतं. उत्तरं नकाशावर ठिपक्यांनी मांडली की शहराचा एक वेगळाच नकाशा समोर येतो.

इथे एक काळजी घ्या. बूट घालून सकाळी फिरायला येणारे लोक बोलके असतात, बैठकीला येतात, पत्रं लिहितात. धुण्याभांड्याच्या कामाला चार घरी जाणारी बाई बैठकीला येऊ शकत नाही. तिच्याकडे आपण जायचं. वस्तीतल्या समाजमंदिरात रात्री साडेआठला, स्वयंपाक उरकल्यावर बसायचं आणि नकाशा जमिनीवर पसरायचा. भिंतीवर लावलेला नकाशा लोक लांबून बघतात, जमिनीवरच्या नकाशावर बोट ठेवून बोलतात.

जागेचे कागद

दुसरं काम कागदांचं. महापालिकेच्या विकास आराखड्यात त्या पट्टीवर काय दाखवलंय ते बघा: कालवा, रस्ता, हरित पट्टा की आणखी कसलं आरक्षण. मग सातबारा किंवा मिळकत पत्रिका आणि भूमी अभिलेख कार्यालयातले मोजणीचे नकाशे. कालव्याची जागा जलसंपदा विभागाकडे असते. महापालिका तिथे परस्पर काही बांधू शकत नाही. तिला विभागाची ना हरकत लागते, आणि ती ना हरकत कोणत्या अटींवर मिळते यावर पुढचं सगळं ठरतं. कालव्याची हद्द, भरावाची रुंदी, काठावरच्या निरीक्षण रस्त्याची जागा आणि दुरुस्तीची आखलेली कामं ही माहिती माहिती अधिकारात मागता येते. दहा रुपयांचा अर्ज आणि तीस दिवसांची मुदत.

आराखड्यात पायी आणि सायकल मार्ग दाखवलेला नसेल, तर महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ मधल्या कलम ३७ खाली फेरबदल सुचवता येतो. त्यात हरकती आणि सूचना मागवल्या जातात, वेळ लागतो. म्हणून हा अर्ज शेवटी ठेवू नका.

जमलेली माहिती एकाच तक्त्यात भरा. दर शंभर मीटरला एक ओळ. अभियंते ज्याला साखळी क्रमांक म्हणतात तसा आपलाही क्रमांक असू द्या. मालकी, मिळणारी रुंदी, मधले अडथळे, जवळची शाळा किंवा दवाखाना आणि मोजणीत आलेली माणसं हे रकाने पुरतात. विभागाच्या कार्यालयात हा तक्ता घेऊन गेलात की चर्चेचा सूर बदलतो, कारण समोरचा अभियंता याच भाषेत काम करतो.

पाण्याशी भांडण नको

२७ सप्टेंबर २०१८ ला दांडेकर पुलाजवळ कालव्याची भिंत फुटली आणि शेकडो घरांत पाणी शिरलं. वाहत्या कालव्याकाठी काही आखताना ही तारीख विसरता येणार नाही. मातीच्या भरावात खड्डे, चर, विजेच्या केबली नकोत. भरावावर वड, पिंपळ, उंबर लावू नयेत. त्यांची मुळं खोल आणि लांब जातात, पुढे कुजली की त्या पोकळीतून पाणी झिरपायला लागतं. मोठी झाडं भरावाच्या बाहेरच्या पायथ्यापासून दूर, सपाट जमिनीवर लावायची.

गाळ काढायला आणि दुरुस्तीला जेसीबी आणि डंपर काठाने जाऊ शकले पाहिजेत. जलसंपदा विभागाची पहिली हरकत इथेच असते आणि ती रास्त आहे. त्यावर उपाय असा: सायकलची वाट साडेतीन मीटर रुंद आणि डंपरचं वजन पेलेल अशा पायावर करा. वर्षातले काही दिवस ती विभागाची, बाकीचे दिवस लोकांची. सिंगापूरने १९९० च्या दशकापासून आपल्या बागा जोडणाऱ्या वाटांचं जाळं बऱ्याच अंशी असंच उभं केलं. मोठ्या गटारांच्या आणि कालव्यांच्या देखभालीसाठी राखलेल्या पट्ट्याच त्यांनी चालायला आणि सायकलला दिल्या.

ओढ्याकाठची आखणी असेल तर पूररेषा आधी नकाशावर काढा. निळी रेषा पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आत वाट जाऊ शकते. ती चार दिवस पाण्याखाली गेली तरी बिघडत नाही. पण तिथे भराव, कठडा, संरक्षक भिंत असं काही नको, ज्याने ओढ्याचं पात्र आवळलं जाईल. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याच्या पुराने काय केलं ते कात्रजपासून दत्तवाडीपर्यंतच्या लोकांना सांगावं लागत नाही. विजेच्या पेट्या आणि स्वच्छतागृहं लाल रेषेच्या बाहेर ठेवा.

काठावरची घरं

मुंबईत तानसा जलवाहिनीच्या दोन्ही बाजूंची दहा दहा मीटर जागा उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर मोकळी करण्यात आली आणि महापालिकेने त्या जागेवर मुलुंडपासून शीवपर्यंत ३९ किलोमीटरचा सायकल मार्ग आखला. जलवाहिनीच्या सुरक्षेचं कारण खरं होतं. पण तिथून हलवलेल्या अनेक कुटुंबांना माहुलमध्ये, तेलशुद्धीकरण कारखान्यांच्या शेजारी घरं देण्यात आली. हवेच्या प्रदूषणामुळे लोक आजारी पडू लागले, आंदोलन झालं, आणि २०१९ मध्ये उच्च न्यायालयाने त्यांना तिथे राहायला भाग पाडता येणार नाही अशी भूमिका घेतली.

सायकलची वाट आखणाऱ्याने हे आपलं काम नाही असं म्हणू नये. ज्या शंभर मीटरमध्ये घरं आहेत, त्या शंभर मीटरमध्ये वाट अरुंद करा, पलीकडच्या काठावर न्या, किंवा तेवढा भाग गल्लीतून फिरवा. वस्तीच्या दारातून जाणारी वाट वस्तीच राखते. तिथे रात्रीही माणसं बाहेर बसलेली असतात, दिवा असतो, ओळखीचे आवाज असतात. मोकळ्या, दोन्हीकडून भिंती घातलेल्या पट्टीपेक्षा ही जागा बाईमाणसाला जास्त सुरक्षित वाटते. घर हलवणं सुरक्षेसाठी खरोखर अटळ असेल, तर नवं घर आधी आणि वाट नंतर, हा क्रम आराखड्यात लेखी हवा.

पथविक्रेत्यांचंही तसंच. भाजीची हातगाडी, चहाची टपरी, पंक्चरवाला हे अडथळ्यांच्या रकान्यात टाकू नका. त्यांना वाटेच्या तोंडाशी आखून जागा द्या. २०१४ च्या पथविक्रेता कायद्याप्रमाणे नगर पथविक्रेता समितीकडे तसा प्रस्ताव पाठवता येतो. सायकलवाल्याला पंक्चरवाल्याइतकं जवळचं कोणी नसतं.

रस्ता ओलांडायची जागा

आता सगळ्यात महत्त्वाचं काम. हरितपथ चांगला की वाईट हे मधल्या हिरव्या पट्ट्यावर ठरत नाही, तो जिथे मोटारींच्या रस्त्याला छेदतो तिथे ठरतं. पुण्याने बीआरटीच्या, म्हणजे बसच्या वेगळ्या मार्गिकांच्या, वेळी सातारा रस्त्यासारख्या ठिकाणी सायकल मार्ग केले. प्रत्येक चौकात, प्रत्येक गल्लीच्या तोंडाशी ते तुटत गेले. डिसेंबर २०१७ मध्ये महापालिकेच्या मुख्य सभेने शहराचा सायकल आराखडा मंजूर केला. त्याचीही खरी परीक्षा चौकाचौकातच आहे. मधले दोन किलोमीटर कितीही देखणे असले, तरी शेवटी आई पोराला एकच विचारते, तो मोठा रस्ता कसा ओलांडशील?

म्हणून आराखड्याच्या कामातला निम्मा वेळ ओलांडणीच्या जागांना द्या. प्रत्येक जागेचा स्वतंत्र नकाशा काढा, टेप धरून. आणि नकाशा काढण्याआधी अर्धा तास नुसतं उभं राहून लोक कुठून जातात ते बघा. दुभाजकाची जाळी कुठे वाकवली आहे, कर्बचा दगड कुठे झिजला आहे, हिरवळीतून मातीची पट्टी कुठे पडली आहे. ओलांडायची खरी जागा तीच असते. झेब्रा क्रॉसिंग तिथेच आलं पाहिजे. दोनशे मीटर पुढे नेलेलं क्रॉसिंग कोणी वापरत नाही आणि मग बेशिस्तीचा ठपका चालणाऱ्यांवर येतो.

लहान गल्ली वाटेला छेदत असेल, तर वाट खाली उतरवू नका. गल्लीच वाटेच्या पातळीला उचला. दहा ते पंधरा सेंटिमीटर उंच, सपाट चौथऱ्यासारखं क्रॉसिंग केलं की मोटारीला चढून उतरावं लागतं आणि तिचा वेग आपोआप पडतो. चालणारा मात्र सरळ जातो. चौथऱ्याच्या दोन्ही कडांना पावसाचं पाणी तुंबणार नाही यासाठी गटाराचा पाइप खालून काढलेला असला पाहिजे. हा पाइप अंदाजपत्रकात हमखास राहून जातो.

दोन्ही बाजूंनी दोन दोन मार्गिका असलेला रस्ता असेल, तर मधे थांबायला जागा हवी. सायकलची लांबी साधारण १.८ मीटर असते. म्हणून दुभाजक निदान दोन मीटर रुंद असला पाहिजे, नाहीतर सायकलचं मागचं चाक धावत्या रस्त्यावर राहतं. शहरातले बहुतेक दुभाजक याच्या निम्मेही नसतात. ओलांडणीच्या जागी मार्गिका थोड्या अरुंद करून ही रुंदी काढावी लागते, आणि तसं केल्याने गाड्यांचा वेगही कमी होतो.

त्याहून मोठ्या रस्त्याला सिग्नल. सिग्नलची वेळ काढताना माणूस सेकंदाला १.२ मीटर चालतो असं धरतात. चोवीस मीटरच्या रस्त्याला वीस सेकंद. पण म्हातारं माणूस सेकंदाला ०.८ मीटरच चालतं आणि त्याला तीस सेकंद लागतात. हे दहा सेकंद वाहतूक शाखेकडून मागून घ्यायचे आहेत. मागताना मोजणीचा कागद पुढे ठेवा: इथून सकाळच्या चार तासांत काठी घेतलेली इतकी माणसं गेली.

पादचारी पुलाचा प्रस्ताव कोणीतरी मांडतंच. मी तो नाकारावा असं सांगेन. गुडघे दुखणारी बाई जिना चढत नाही, सायकल घेऊन तर कोणीच चढत नाही, आणि पुलाच्या खर्चात चार चांगली क्रॉसिंग होतात.

कालव्याला मात्र आणखी एक वाट मोकळी आहे, आणि तिच्याकडे फारसं लक्ष गेलेलं नाही. शहरातले मोठे रस्ते कालव्यावरून पुलाने जातात. उद्या पाणी बोगद्यात गेलं, तर त्याच पुलांखालून कोरड्या पात्रातून चालत आणि सायकलवर पलीकडे जाता येईल, एकाही सिग्नलला न थांबता. त्यासाठी तळापासून पुलाच्या स्लॅबपर्यंत निदान अडीच मीटर उंची हवी. कालव्याच्या दोन आवर्तनांच्या मधल्या काळात पाणी बंद असतं. तेव्हा विभागाची परवानगी घेऊन, त्यांचा माणूस बरोबर घेऊन प्रत्येक पुलाखालची उंची आणि रुंदी मोजून ठेवा. जिथे उंची कमी भरेल तिथे वर रस्त्यावर क्रॉसिंग लागेलच. जिथे भरेल तिथेही दोन गोष्टी बघा: पावसाचं पाणी साठणार नाही आणि पलीकडचा उजेड अलीकडून दिसेल. पलीकडचं टोक दिसत नसलेल्या बोळात संध्याकाळी कोणी शिरत नाही.

किती रुंदी, कोणाला

रुंदीचा हिशेब त्यामानाने सोपा आहे. सहा मीटर मिळाले तर तीन मीटर दुहेरी सायकल, दोन मीटर चालायला आणि मधे एक मीटर झाडांची पट्टी. यंत्रांसाठी साडेतीन मीटर द्यावे लागत असतील तर झाडांची पट्टी अर्ध्या मीटरवर आणा, चालणाऱ्यांचे दोन मीटर कमी करू नका. चार मीटरच असतील तर रंगाची रेघ मारून वाटणी करण्यात अर्थ नाही. ती रेघ कोणी पाळत नाही आणि भांडणं होतात. तिथे एकत्र वाट ठेवा, पहिला मान चालणाऱ्याचा, आणि सायकलचा वेग कमी राहील अशी वळणं द्या. तीन मीटरपेक्षा कमी असेल तर वाट फक्त चालणाऱ्यांची. सायकल शेजारच्या शांत रस्त्यावर न्या आणि पुढे परत जोडा.

वाटेची तोंडं

दर दोनशे-तीनशे मीटरला आत यायला आणि बाहेर पडायला तोंड हवं. ते नसेल तर वाट बोगद्यासारखी वाटते. शेजारच्या सोसायट्यांना त्यांच्या मागच्या भिंतीत छोटं फाटक काढायला तयार करा. पहिली सोसायटी नाही म्हणते. दुसरी काढते आणि तिची मुलं पाच मिनिटांत शाळेत पोचायला लागली की पहिली विचारायला येते. पूर्ण भिंतीऐवजी खाली भिंत आणि वर जाळी केली तर घरांच्या खिडक्यांतून वाटेवर नजर राहते.

दुचाक्यांचा प्रश्न इथेच येतो. तोंडाशी बोलार्ड, म्हणजे आखूड खांब, लावले की दुचाक्या थांबतील असं सर्वांना वाटतं. टेप घेऊन बघा. व्हीलचेअरची रुंदी सत्तर सेंटिमीटरच्या आसपास, स्कूटरचीही जवळजवळ तेवढीच. जिथून व्हीलचेअर जाते तिथून स्कूटर जातेच, आणि जिथून स्कूटर जात नाही तिथून व्हीलचेअरही जात नाही. नागमोडी लोखंडी फाटकं लावली तर अपंग माणूस, बाबागाडी आणि शिडी बांधलेली सायकल बाहेर राहते. दुचाकीवाला फाटकाशेजारची माती तुडवून आत येतो. बोलार्ड मोटार आणि टेम्पो अडवायला लावा, एक मीटर वीस सेंटिमीटर अंतराने. दुचाकीसाठी आखणीच वेगळी हवी: वाट दोन गर्दीच्या चौकांमधला जवळचा रस्ता ठरू नये. तिला मधे चालणाऱ्यांना चालेल पण गाडीला नकोसं वाटेल असं वळण द्या. पहिले काही महिने गर्दीच्या वेळी दोन्ही टोकांना माणूस उभा ठेवण्याची तरतूद करा. सवय लागते ती त्या पहिल्या महिन्यांत.

पायाखालची जमीन

सायकलच्या वाटेला पेव्हर ब्लॉक नको. चाक थरथरतं, पहिल्या पावसात ब्लॉक खचतात आणि वाट वाकडीतिकडी होते. डांबर किंवा झाडू ओढून खरबरीत केलेलं काँक्रीट चांगलं. चालायच्या वाटेला दाबलेला मुरूम गुडघ्यांना बरा असतो, पण व्हीलचेअरसाठी त्यातली निदान दीड मीटर पट्टी टणक हवी. बाजूला दोन टक्के उतार द्या, म्हणजे मीटरला दोन सेंटिमीटर. तेवढ्यात पाणी निघून जातं. रॅम्प सायकलसाठी विसाला एक, व्हीलचेअरसाठी बाराला एक याहून तीव्र नको.

गटारांच्या जाळ्या बघायला विसरू नका. जाळीच्या पट्ट्या वाटेच्या दिशेने लांब टाकलेल्या असतील, तर सायकलचं चाक फटीत अडकतं आणि माणूस हँडलवरून पुढे फेकला जातो. पट्ट्या आडव्या हव्यात. ठेकेदाराला हे नकाशात रेघ काढून दाखवा आणि जाळी बसवताना हजर राहा.

झाडं, दिवे, बाकं

मोठी जुनी झाडं आहेत तिथे वाट वळवा. झाड तोडायला महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ प्रमाणे वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. पण परवानगी मिळते म्हणून तोडू नये. नव्या झाडांत कडुनिंब, करंज, बहावा, ताम्हण, कांचन इथल्या हवेत सहज वाढतात. ओढ्याकाठी अर्जुन आणि वाळुंज. जांभूळ लावा, पण सायकलच्या वाटेवर त्याची फांदी येणार नाही इतकं दूर. जूनमध्ये पडलेल्या जांभळांवरून चाक घसरतं. सुबाभूळ आणि गिरिपुष्प नको. झाडाच्या बुंध्याभोवती काँक्रीट ओतलं जाणार नाही, चारी बाजूंनी पाऊण मीटर माती उघडी राहील, हे निविदेत लिहून घ्या.

दिवे उंच खांबांवर लावले की त्यांचा उजेड झाडांच्या शेंड्यांवर पडतो. चार मीटरच्या आसपास उंचीचे खांब, उबदार रंगाचा प्रकाश, आणि समोरून येणाऱ्याचा चेहरा लांबून ओळखता येईल अशी मांडणी. बाकांना पाठ आणि हात हवेत, म्हाताऱ्यांना उठताना आधार लागतो. शंभर-सव्वाशे मीटरला एक बाक. स्वच्छतागृह आणि पिण्याचं पाणी वाटेच्या तोंडाशी, जिथे माणसांचा वावर आहे तिथे.

पैसे

महापालिकेचं आर्थिक वर्ष एप्रिलला सुरू होतं, पण विभागांची पूर्वगणनपत्रकं त्याआधीच्या हिवाळ्यात तयार होतात. म्हणून आपला प्रस्ताव पावसाळा संपायच्या आत पथ विभागाच्या आणि उद्यान विभागाच्या टेबलावर हवा. पुण्यात २००६ पासून सहभागी अंदाजपत्रक आहे. नागरिक त्यात आपल्या प्रभागातली छोटी कामं सुचवू शकतात. अख्खा हरितपथ त्यात बसत नाही. पण एक उचललेलं क्रॉसिंग, दहा बाकं, एका तोंडाचा रॅम्प अशी कामं बसतात. एकेका वर्षी अशी दोनतीन कामं मिळवली की मोठ्या तरतुदीसाठी बोलायला समोर काहीतरी उभं असतं. नगरसेवकाकडे जाताना त्याच्या प्रभागातल्या साखळी क्रमांकांचाच तक्ता न्या.

देखभालीची तरतूद वेगळ्या शीर्षाखाली मागा. बांधकामाच्या आकड्यात ती मिसळली की पहिल्या वर्षानंतर झाडायलाही कोणी येत नाही.

आधी फक्की मारून बघा

काँक्रीट ओतण्याआधी आखणी जमिनीवर उतरवून बघा. महापालिकेने ११ डिसेंबर २०२१ ला लक्ष्मी रस्त्यावर पादचारी दिन केला तेव्हा एका दिवसात लोकांना कळलं की तो रस्ता गाड्यांशिवाय कसा असतो. तसंच इथे. वाहतूक शाखेची परवानगी घ्या, एक ओलांडणीची जागा आणि शेजारची दोनशे मीटर वाट निवडा. फक्कीने रेघा मारा, ड्रम आणि बॅरिकेड लावून दुभाजकाची नवी रुंदी उभी करा. रविवारी नको. मंगळवारी किंवा बुधवारी, शाळा आणि कारखाने चालू असताना. मोजणीचे तेच कागद घेऊन त्याच वेळेत पुन्हा मोजा. बस वळताना अडते का, रुग्णवाहिका जाते का, गाड्यांची रांग किती लांब जाते, हे दुकानदारांना आणि पोलिसांना स्वतःच्या डोळ्यांनी बघू द्या. चुकीच्या जागी पडलेली फक्की झाडूने पुसता येते.

पहिला पक्का तुकडा निवडताना सर्वांत सुंदर जागा घेऊ नका. जिथे शाळा आणि वस्ती यांच्यामधे एक वाईट ओलांडणी आहे तो तुकडा घ्या, भले तो चारशे मीटरचाच असेल. काम चालू असताना उतार, जाळ्या आणि कर्बची उंची टेपने तपासत राहा आणि चूक दिसली की त्याच दिवशी कनिष्ठ अभियंत्याला लेखी कळवा. वाट खुली झाल्यावर येणाऱ्या पहिल्या मोठ्या पावसात खडू घेऊन अख्खा तुकडा चाला. जिथे जिथे पाणी साचलंय त्याची कड आखा, साखळी क्रमांकासकट फोटो काढा. ठेकेदाराचा दोषदायित्व कालावधी संपण्याआधी ती यादी क्षेत्रीय कार्यालयात आवक नोंदवून द्या आणि दुसऱ्या तुकड्याचं पूर्वगणनपत्रक त्याच भेटीत मागा.